जावईबापूंचा डिझेल-तक्ता

"एक महिना! फक्त एक महिना द्या मला, बाबा. आपल्या अकराच्या अकरा ट्रकांचं डिझेल दहा टक्क्यांनी खाली आणून दाखवतो. नाही आणलं, तर नाव बदलेन!"

नाव बदलण्याची धमकी जावईबापूंनी दिली खरी, पण तिला घाबरणार कोण? ट्रकच्या त्या यार्डात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूसच नव्हतं. मालकांच्या मुलीशी लग्न झालं त्या दिवसापासून ते सगळ्यांचे जावईबापू झाले होते. त्यानंतरच्या आठ वर्षांत कधीही नाव बदलून घेतलं असतं तरी यार्डाला पत्ता लागला नसता.

त्यातली शेवटची तीन वर्षं ते सासऱ्यांच्याच धंद्यात होते. म्हणजे यार्डाच्या मागच्या अंगाला, सुट्या भागांच्या खोलीत. तिथे दिवसभर नट, बोल्ट आणि पट्टे. बोलायला माणूस नाही. एकदा तर त्यांनी एका फॅनबेल्टशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, असं यार्डात सांगतात. मग कुठूनशी इंधनबचतीच्या दोन दिवसांच्या शिबिराची चिठ्ठी आली. कोणालाच जायचं नव्हतं, म्हणून जावईबापूंना धाडलं. ते गेले साधे आणि परत आले ते डोळ्यांत तेज घेऊन, बगलेत चाळीस पानी पुस्तिका मारून!

सासरे माणूस शांत. त्यांनी चष्मा पुसला आणि चालकांच्या कामावर देखरेख करणाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती खुर्ची खिडकीजवळ होती. तिथून सगळं यार्ड दिसायचं.

"बसा महिनाभर," ते म्हणाले. "जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं, तर नटबोल्ट आहेतच. पण एक लक्षात ठेवा, माणसं सांभाळून."

"त्याची काळजीच सोडा!" जावईबापू म्हणाले. काळजी तिथूनच सुरू झाली, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकरा चालकांना यार्डात उभं केलं आणि एका रिकाम्या पिंपावर चढून भाषण ठोकलं. पाय हलका ठेवा. लांबवर बघा, पुढे थांबायचंय हे दिसलं की आधीच पाय उचला, म्हणजे ब्रेक मारावा लागत नाही. गाडी उभी तर इंजिन बंद. टायरमध्ये हवा पुरेशी हवी. चारही गोष्टी अगदी खऱ्या होत्या. पुस्तिकेत चित्रांसकट होत्या.

चालक ऐकत होते. 'सुसाट' नावाचा तरणा चालक जांभई दाबत होता. त्याचं नाव सुसाट का, हे त्याच्या मागून येणाऱ्यांना कधी कळलं नाही, कारण तो दिसेनासा व्हायचा. त्याच्या शेजारी 'भोंगा'. हा फाटकातून बाहेर पडायलाही तीनदा हॉर्न वाजवायचा. आणि सगळ्यांत मागे नाना. नाना एकतीस वर्षं ट्रक चालवत होते. ते भाषण ऐकता ऐकता एका फडक्याने स्वतःच्या गाडीची काच पुसत होते.

"आणि आता माझी खरी योजना!" जावईबापूंनी एक भलामोठा पांढरा तक्ता उलगडला. "रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या नावापुढे लिहिणार, एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली. ज्याचा आकडा मोठा तो पहिला. आणि या तक्त्याचा फोटो रोज तुमच्या घरच्यांच्या ग्रुपवर जाणार!"

ही शेवटची कल्पना पुस्तिकेत नव्हती. ती त्यांची स्वतःची होती. चालकाला उत्तेजन द्यायचं तर घरून द्यावं, असं त्यांना आंघोळ करताना सुचलं होतं. चालकांच्या घरच्यांचा एक ग्रुप यार्डाने आधीच केलेला होता, गाडी अडकली तर निरोप द्यायला. बायका, आया, बहिणी, अगदी मालकांची मुलगीसुद्धा, सगळ्या त्यात होत्या.

पहिला आठवडा नुसता सोन्यासारखा गेला. सुसाट पन्नासच्या वेगाने जाताना दिसला, तेव्हा वाटेवरच्या एका गॅरेजवाल्याने काळजीने फोन केला. "तुमचा पोरगा आजारी आहे का हो?" भोंग्याने गाडी उभी केली की इंजिन बंद करायला सुरुवात केली आणि इंजिन बंद झाल्यावर त्याला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या गाडीत पंखाही आहे आणि तो करकर वाजतो. डिझेल खरंच उतरलं. जावईबापू खुर्चीत मागे रेलून बसायला लागले.

घरून येणारं उत्तेजन मात्र जरा जास्तच येऊ लागलं.

"काय हो, शेजारचे तिसरे आणि तुम्ही आठवे?" भोंग्याच्या बायकोने ताट वाढतानाच विचारलं. "त्यांना काय तुमच्यापेक्षा जास्त पाय आहेत?"

सुसाटच्या आईने तर थेट कचेरीत फोन केला. "माझा मुलगा शाळेतही कधी नववा आला नाही. तक्ता नीट तपासा!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या यार्डात माल वाटून द्यायचं काम ताईंकडे होतं. पहाटे खिडकी उघडायची, चालकांनी रांगेत यायचं आणि ताई देतील ती खेप घ्यायची. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालत आलेलं. पण दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी ध्यानात आलं, की ज्या दिवशी गाडीत उश्या असतात त्या दिवशी आकडा फुगतो आणि ज्या दिवशी फरशा असतात त्या दिवशी आपटतो. ही बातमी दहा जणांत पसरायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीसमोर ही झुंबड. लवकर आलेल्या जावईबापूंना खुर्चीतून तो चालकांचा उत्साहच वाटला.

"ताई, उश्या मला! मी साडेतीनपासून उभा आहे."

"ताई, मागच्या वेळी थर्माकोल याला दिला होता. आज माझी पाळी!"

"रिकाम्या बाटल्या आहेत का हो? एखादी खेप फुग्यांची वगैरे?"

"आणि या फरशा?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीस टन फरशा डोंगरापलीकडच्या इमारतीवर न्यायच्यात. त्या कोण नेणार?"

भोंग्याला पाठदुखी आठवली. सुसाट म्हणाला, त्याच्या मागच्या टायरचं काही खरं नाही. एकाला तर जागच्या जागी खोकला सुरू झाला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"द्या इकडे." नाना पुढे आले, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि निघाले.

असं त्या दिवशी झालं, दुसऱ्या दिवशी झालं आणि मग रोजच होऊ लागलं. डोंगरावरच्या फरशा म्हणजे नाना, हे ठरूनच गेलं. नाना तक्त्यावर चौथे होते ते सातवे झाले, मग नववे आणि तिसऱ्या आठवड्यात अकरावे. त्याच्याखाली तक्ता संपत होता.

ताई एकदा जावईबापूंना म्हणाल्या, "साहेब, जरा मालाकडेही बघा." पण जावईबापू तेव्हा आकड्यांना रंग देत होते. पहिल्याला हिरवा, शेवटच्याला लाल. लाल रंगाशेजारी त्यांनी 'सुधारणेस वाव' असं लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. त्यांनी नानांना खुर्चीसमोर बोलावून घेतलं.

"नाना, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की जुन्या सवयी सुटत नाहीत, हे मी समजू शकतो. ही पुस्तिका घ्या. पान नऊवर पाय कसा उचलायचा त्याचं चित्र आहे."

नानांनी पुस्तिका घेतली. पान नऊ उघडून चित्रातल्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि गेले. एकतीस वर्षं चालवणाऱ्या माणसाला पाय उचलायला शिकवून जावईबापूंना त्या संध्याकाळी फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते कचेरीत आले, तर टेबलावर पुस्तिका आणि पुस्तिकेवर ट्रकची चावी. ताई खिडकी बंद करत होत्या.

"नाना देऊन गेले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, उद्यापासून येत नाही. आजपासूनच म्हणा ना."

"आणि फरशा?"

"त्या बघा." वीस टन फरशा भरलेली नानांची गाडी आंब्याच्या पेटीसारखी दोऱ्यांनी आवळून जागच्या जागी उभी होती. बाकीचे दहाही जण उश्या, बाटल्या आणि थर्माकोल घेऊन केव्हाच पसार झाले होते.

तेवढ्यात सासरे आत आले. त्यांनी चावी पाहिली, पुस्तिका पाहिली आणि भिंतीवरचा लाल आकडाही पाहिला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "एकतीस वर्षांत या माणसाने एक फरशी फोडलेली नाही. तो गेला तर फरशीवाले जातील, हे खरं. पण मला फरशीवाल्यांचं काही वाटत नाही. बारा वाजेपर्यंत माल पोचवायचाय. नानांना घेऊन या, मग या खुर्चीबद्दल बोलू. नाही आले, तर तुम्ही इथे बसू नका. मलाच बघवणार नाही."

जावईबापू धावतच निघाले.

नानांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दोन खोल्या, दारात फाटक्या टायरमध्ये लावलेली झाडं. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे नानांची बायको, आणि नाना जितके कमी बोलायचे तितकं सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं.

"या!" काकू म्हणाल्या. त्या 'या'मध्ये काय होतं कोण जाणे, जावईबापूंनी चपला काढून हातातच धरल्या. "बसा. चहा घ्या."

नाना खिडकीशी बसले होते. चहा आला, मोठ्या पेल्यातून. जावईबापूंनी नाही म्हणायची हिंमत केली नाही.

"अकरावे!" काकूंनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "माझ्या बहिणीने पाहिलं, सुनेच्या माहेरच्यांनी पाहिलं. नात विचारते, आजोबा नापास झाले का? तुम्ही सांगा तिला. आत आहे ती."

"काकू, तसं नाही... म्हणजे आकडे जे आले ते..."

"चहा संपला? घ्या आणखी." दुसरा पेला आला. "मला एक सांगा. मी बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आले आणि दहा किलो पीठ घेऊन आले, तर सारखीच दमेन का?"

"नाही."

"मग तुमच्या तक्त्यात पीठ कुठे लिहिलंय?"

जावईबापूंचा पेला ओठाशीच थांबला. चाळीस पानं, दोन दिवसांचं शिबिर, हिरवा रंग, लाल रंग आणि एवढीशी गोष्ट! त्यांना खिडकीसमोरची ती झुंबड आठवली, फुग्यांची खेप मागणारा चालक आठवला आणि 'द्या इकडे' म्हणणारे नाना आठवले. त्यांना खरोखर लाज वाटली. अगदी कानाच्या पाळीपर्यंत.

"नाना, चुकलं माझं," ते म्हणाले. "मी गाढवपणा केला."

"हे घ्या," म्हणत काकूंनी तिसरा पेला भरला. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

नाना पहिल्यांदा बोलले. "मला पहिलं यायचं नाही, साहेब. पण गाडी कशी चालवतो ते न बघता लाल रंग लावलात, ते लागलं. चला माझ्याबरोबर. काय दिसतं ते बघा, आणि जे दिसेल ते खरं लिहा. मग मी ठरवतो."

"आणि ग्रुपवर टाका," काकू म्हणाल्या. "आकडा कमी आला तर त्याचं कारणही लिहायचं. सगळ्यांना कळू दे."

"शब्द देतो!" जावईबापू म्हणाले. शब्द द्यायची त्यांना सवयच होती.

साडेआठला गाडी फाटकाबाहेर पडली. जावईबापू मांडीवर वही घेऊन नानांच्या शेजारी बसले, आणि तासाभरात त्यांच्या लक्षात आलं की ते पुस्तिकाच बघतायत, फक्त जिवंत. निघण्यापूर्वी नानांनी प्रत्येक टायरवर लाकडी दांडक्याने ठोकून आवाज ऐकला होता. लांबवर लाल दिवा दिसला की इथूनच त्यांचा पाय उचलला जाई, गाडी आपल्या वजनाने हळूहळू जाई आणि ती पोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असे. रेल्वेचं फाटक बंद दिसताच इंजिन बंद. ब्रेकला ते असा पाय लावत, जसा झोपलेल्या नातीच्या अंगावर हात ठेवावा.

"नाना, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"वीस टनांनी," नाना म्हणाले. "गाडी एकदा चालायला लागली की तिला चालू द्यायचं. थांबवून पुन्हा उचलायची म्हणजे डिझेल ओतायचं. आता पुढे चढ आहे, तिथे तर अजिबात थांबायचं नाही."

जावईबापूंनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. आणि नेमकं तेव्हाच त्यांना काकूंचे तीन पेले आठवले.

आधी ते सरळ बसले. मग जरा वाकडे बसले. मग त्यांनी खिडकीबाहेर बघून दुसऱ्या कशाचा तरी विचार करायचा प्रयत्न केला, तर बाहेर झरा होता.

"नाना," ते शेवटी म्हणाले, "जरा थांबता येईल?"

"चढ सुरू झालाय, साहेब."

"नाना!"

नानांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. जावईबापू उतरले, झुडपामागे गेले, आले. नानांनी गाडी उचलली. पहिला गिअर, इंजिनाचा असा काही आवाज की डोंगर उचलतोय असं वाटावं, मागून काळा धूर. जावईबापूंनी आरशात तो धूर पाहिला. डोळ्यांसमोर डिझेल वर चाललं होतं.

"एवढ्यावर भागलं ना?" नानांनी विचारलं.

"भागलं, भागलं!"

पण थंड वारा, वळणावर वळणं आणि मोठमोठे पेले! दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग आणखी एकदा. माथा अगदी हाताशी आलेला असताना चौथ्यांदा! चारही वेळा भर चढावर, चारही वेळा वीस टन जागच्या जागेवरून उचलायचे. नाना एकदाही चिडले नाहीत. चौथ्या वेळी त्यांनी फक्त विचारलं, "काकूने तीनच दिले होते ना?"

माल पोचला तेव्हा बाराला चार मिनिटं होती. एकही फरशी फुटलेली नव्हती.

परत येऊन टाकी भरली आणि जावईबापूंनी आकडा काढला. एकदा काढला, दोनदा काढला, वही उलटी धरूनही पाहिली. नानांचा हा आकडा अकराव्या क्रमांकाच्या लाल आकड्यापेक्षाही खाली होता! तक्ता सुरू झाल्यापासून कोणाचाही एवढा कमी आला नव्हता.

कचेरीत सासरे उभे होते. ताई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळच्या फेऱ्या आटपून आलेले सुसाट आणि भोंगा दारात रेंगाळत होते. नाना तळहातावर चावी ठेवून उभे होते. खिशात घालत नव्हते आणि टेबलावरही ठेवत नव्हते.

जावईबापूंच्या मनात काय काय येऊन गेलं! थोडा आकडा वाढवला तर कोणाला कळणार? 'वारा उलटा होता' असं लिहिलं तर? नानाही काही बोलले नसते, बोलण्यातले ते नव्हतेच. पण त्या तळहाताकडे पाहून त्यांना ते जमेना. त्यांनी तक्त्यात नव्या रेघा मारल्या. एका रकान्यावर लिहिलं, 'माल किती'. दुसऱ्यावर लिहिलं, 'कारण'. नानांच्या नावापुढे वीस टन भरले, खरा आकडा भरला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं:

'कारण: मी. भर चढावर चार वेळा गाडी थांबवायला लावली. नानांची काही चूक नाही. आजवर कधीच नव्हती.'

फोटो काढला आणि डोळे मिटून ग्रुपवर टाकला.

अर्ध्या मिनिटात मोबाइल वाजला. काकूंचा निरोप होता. 'वाचलं. नातीलाही वाचून दाखवलं. पुढच्या वेळी चहा परत आल्यावर देईन.' त्याच्या मागोमाग सगळ्या घरांतून हसण्याची चित्रं आली. त्यातलं पहिलं जावईबापूंच्या स्वतःच्या बायकोचं होतं.

नानांनी चावी खिशात घातली. "उद्या सहाला येतो," ते म्हणाले.

सासऱ्यांनी खुर्ची जावईबापूंकडे सरकवली. "बसा," ते म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण ते खोकले.

महिना संपला तेव्हा डिझेल आठ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा नाही, पण आठ खरं होतं. माल मोजायला लागल्यावर फरशांची पाळी सगळ्यांकडे फिरू लागली आणि उश्यांसाठी पहाटे कोणी उभं राहिनासं झालं. 'कारण' हा रकाना तर चालकांना मनापासून आवडला. आता रोज संध्याकाळी ते स्वतःच्या हाताने तो भरतात. कोणाचा आकडा खाली गेला की भोंगा लिहितो, 'कारण: जावईबापू'. सुसाट लिहितो, 'कारण: जावईबापू'. परवा एकाने तेच लिहिलं, तेव्हा जावईबापू रागाने लालबुंद झाले.

"अरे, मी तर दोन दिवस तापाने घरी झोपलो होतो!"

"माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "काळजीने पाय जड झाला."